चार बाजू मोजल्या म्हणजे जमीन मोजली, असे नाही

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, की झाले क्षेत्रफळ. पद्धत इतकी सोपी की तिच्यावर कुणी शंकाच घेत नाही. पण चौकोन काटकोनी नसेल तर ती क्षेत्र नेहमी जास्तच दाखवते. म्हणजे नुकसान जमीन विकत घेणाऱ्याचेच.

बाजू 40, 30, 40, 30 मीटर धरा. सरासरीने 1200 चौरस मीटर येतात. आता एक कर्ण मोजा. तो 50 भरला तर 1200 बरोबर. पण 40च भरला, तर जमीन तिरकी आहे. कर्णाने पडलेल्या प्रत्येक त्रिकोणाच्या बाजू 40, 30, 40. तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ देणारे हेरॉनचे सूत्र लावा: अर्धपरिमिती (तिन्ही बाजूंच्या बेरजेचा अर्धा) 55, आणि 55 × 15 × 25 × 15 चे वर्गमूळ 556.2. दोन्ही मिळून 1112.4. जवळजवळ 88 चौरस मीटर जमीन फक्त कागदावर होती! चार काठ्या टोकांना सैल बांधून चौकट करा आणि एका कोपऱ्यावर दाबा. बाजू तेवढ्याच राहतात, आतली जागा मात्र आकसते.

दुसरा कर्णही मोजाच. क्षेत्रासाठी तो लागत नाही, पण चूक पकडून देतो, म्हणून मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. वरच्या उदाहरणात तो 58.31 यायला हवा. 57.31 आला तर आधी टेपवरचा मीटरचा आकडा चुकला का ते तपासा. 28.31 आला तर 30 मीटरची एक अख्खी टेप मोजायची राहिली; प्रत्येक टेपमागे एक खुंटी रोवत गेलात तर हे होत नाही. थोडेसेच जास्त आले, तर टेप झुडपाला वळसा घालून गेली असेल.

उतारावर टेप जमिनीलगत टाकू नका. क्षेत्र आडव्या अंतरावर ठरते. 10 अंशांच्या उतारावर 30 मीटरचे आडवे अंतर 29.54च असते, कारण 10 अंशांची कोज्या (cos) 0.9848. टेप आडवी ताणा, खालच्या टोकाला ओळंबा सोडा आणि छोट्या छोट्या टप्प्यांनी उतरा.

स्टीलची टेप उन्हात वाढते खरी, पण 30 मीटरला 10 अंश सेल्सिअसमागे साधारण साडेतीन मिलिमीटर. एवढ्याची काळजी नंतर. त्याआधी टेपचा शून्य कडीच्या टोकापासून आहे की पुढे छापलेल्या रेघेपासून, ते बघा.

कोन मोजले असतील तर पाच कोपऱ्यांच्या जमिनीत आतल्या कोनांची बेरीज 540 अंश यावी. काही सेकंदांचा (सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फरक सगळ्या कोनांत वाटून टाका. पूर्ण अंशाचा फरक असेल तर वाटू नका, यंत्र पुन्हा लावा.