हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या घरी वजनकाटा हवाच

हृदयाची पंपिंगची ताकद कमी झाली की शरीरात पाणी साठू लागतं, आणि पायांवर सूज दिसायच्या आधी बऱ्याचदा ते काट्यावर कळतं. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवरच तारखेखाली लिहून ठेवा. तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. आडवं पडल्यावर दम लागून रात्री एकाऐवजी दोन-तीन उशा लागायला लागल्या, तरीही फोन करा.

चालण्याची भीती मात्र सोडा. तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तर सपाट जागेवर 5-10 मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. एकदम थांबू नका, शेवटची काही मिनिटं हळू चाला. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच बसा. जेवल्या जेवल्या चालायला निघू नका.

मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, म्हणून पापड-लोणचं बंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सैंधवातही सोडियम असतंच! ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, काही औषधांबरोबर ते घातक ठरतं. गुडघेदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच पाणी साठवतात.