गे रोमान्स आणि फँटसी कादंबऱ्या विकत घेताना या चुका टाळा

गे रोमान्स आणि गे फँटसी नव्याने वाचायला लागलेल्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते: "चार पुस्तकं घेतली, एकही मनासारखं निघालं नाही." कोणती घेतली हे विचारलं, तर पुस्तकांत सहसा काही खोट नसते. घोळ निवडतानाच झालेला असतो, आणि तोही ठरलेलाच. एवढं चांगलं लेखन उपलब्ध असताना लोक पहिल्याच फटक्यात नाराज होऊन हा प्रकारच सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन पुरुषांचं प्रेम दिसलं की रोमान्स समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. रोमान्स या साहित्यप्रकाराचं वाचकाला एक वचन असतं. प्रेमकथा केंद्रस्थानी असेल, आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा असेल. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकांच्या संघटनेची व्याख्याही साधारण अशीच आहे. मधे कितीही रडवा, शेवटी ते दोघं एकत्र हवेत. ज्या कादंबरीत प्रेम आहे पण हे वचन नाही, ती उत्तम कादंबरी असू शकते, रोमान्स नव्हे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो निघून जातो. पुस्तक सुंदर आहे, पण 'हलकंफुलकं काहीतरी सुचव' म्हणणाऱ्याला मी ते कधीच देणार नाही.

माझ्या एका मित्राच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. आपण गे आहोत हे त्याने नुकतंच घरी सांगितलं होतं आणि घरात अबोला सुरू होता. अशा दिवसांत त्याने एका ग्रुपवर विचारलं, "दोन पुरुषांची प्रेमकथा हवी आहे, शेवट गोड हवा." दहा मिनिटांत पाचसहा जणांनी एकच नाव दिलं: मॅडलिन मिलर यांची 'द साँग ऑफ अकिलीस'. कादंबरी २०११ची, २०१२ साली तिला ऑरेंज पुरस्कार मिळाला, आणि भाषा अशी की पहिल्या काही पानांतच माणूस अडकतो. तोही अडकला. फक्त ही गोष्ट ज्यावर बेतली आहे ते 'इलियड' हे ग्रीक महाकाव्य त्याने वाचलेलं नव्हतं, आणि अकिलीसचा प्रियकर पॅट्रोक्लस याचं काय होतं हे सांगण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. रात्री उशिरा त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "अरे, हे दोघं जिवंत राहतच नाहीत? मग मला का दिलं हे?" मला काय बोलावं सुचेना. त्यानंतर बरेच महिने तो या प्रकारातल्या कुठल्याच पुस्तकाला हात लावत नव्हता. शेवटी मी त्याला टी. जे. क्लून यांची 'द हाउस इन द सेरुलियन सी' दिली. जादुई मुलांच्या अनाथाश्रमाची तपासणी करायला आलेला चाळिशीचा सरकारी कर्मचारी आणि तो आश्रम चालवणारा माणूस यांची ही गोष्ट. ती वाचून संपली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

ज्यांनी ते नाव सुचवलं त्यांचा मला अजून राग आहे. विचारणाऱ्याचं वाक्य पूर्ण न वाचता आपलं आवडतं पुस्तक पुढे ढकलायचं, ही सवय वाईट. गोड शेवट मागणाऱ्याला बालिश समजण्याची सवय तर त्याहून वाईट. ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहिली आणि तिचा शेवट सुखाचाच हवा असा हट्ट धरला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्हा होते. १९६०मध्ये जोडलेल्या टिपणात ते लिहितात की शेवट दुःखाचा केला असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं. त्यांनी तो बदलला नाही. पुस्तक १९७१मध्ये निघालं, त्यांच्या मृत्यूनंतर. सुखाच्या शेवटासाठी एवढी किंमत मोजली गेली आहे, तेव्हा तो मागताना कुणीही ओशाळायचं कारण नाही.

पुरस्कारावरूनही शेवट ओळखता येत नाही. मर्सिडीज लॅकी यांच्या 'लास्ट हेराल्ड-मेज' त्रयीतल्या 'मॅजिक्स प्राइस'ला एलजीबीटी साहित्यासाठीचा लॅम्डा पुरस्कार मिळाला. गे नायक असलेल्या सुरुवातीच्या गाजलेल्या फँटसींमध्ये ही त्रयी मोडते. तिचा शेवट मी सांगत नाही, पण मन हलकं करायला घ्यायची पुस्तकं ती नव्हेत.

मी स्वतः काय करतो? विकत घेण्याआधी शेवट सुखाचा की दुःखाचा एवढं शोधून काढतो. तपशील नको, फक्त दिशा. वाचकांच्या रिव्ह्यूमध्ये 'एचईए' किंवा 'एचएफएन' ही अक्षरं शोधा: पहिल्याचा अर्थ कायमची जोडी जमली, दुसऱ्याचा अर्थ निदान सध्यापुरतं सगळं छान आहे. "स्पॉयलर नको" म्हणून हेही न बघणारे आणि मग पुस्तक भिंतीवर फेकणारे मी खूप पाहिले आहेत.

मालिका कशी बांधली आहे हे न बघता मधलंच पुस्तक उचलणं

मालिका म्हटलं की सगळ्या सारख्याच, असं नवीन वाचकांना वाटतं. इथे किमान तीन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात एकच जोडी अनेक पुस्तकं चालते. लिन फ्लुएलिंग यांची 'नाइटरनर' मालिका सात पुस्तकांची, १९९६ ते २०१४. पहिल्या पुस्तकात हेरगिरी आहे, चोऱ्या आहेत, मैत्री आहे; प्रेमासाठी दुसऱ्या पुस्तकापर्यंत थांबावं लागतं. "यात रोमान्स कुठे आहे?" असं विचारत पहिल्यावरच थांबणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की हे पुस्तक घाई असणाऱ्यांसाठी लिहिलेलंच नाही.

दुसऱ्या प्रकारात जग तेच, पण प्रत्येक पुस्तकात जोडी नवी. फ्रेया मार्स्क यांच्या 'द लास्ट बाइंडिंग' त्रयीत पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात दोन पुरुष आहेत, दुसऱ्यात दोन स्त्रिया. आता फक्त पुरुषांची जोडी हवी म्हणून लोक दुसरं गाळतात, आणि तिसऱ्यात जादूचं मुख्य कथानक समजत नाही म्हणून लेखिकेला नावं ठेवतात. जोडी बदलली तरी कटकारस्थान तिन्ही पुस्तकांतून सलग चाललेलं असतं. क्रमाने वाचा. दुसरंही छान आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: मालिका नाहीच, एकच लांबलचक कादंबरी खंडांत छापलेली. मो शियांग तोंग शिऊ यांच्या चिनी कादंबऱ्यांची अधिकृत इंग्रजी भाषांतरं डिसेंबर २०२१पासून यायला लागली. 'ग्रँडमास्टर ऑफ डेमॉनिक कल्टिव्हेशन'चे पाच खंड आहेत, 'हेवन ऑफिशियल्स ब्लेसिंग'चे आठ. तिथे पहिल्या खंडाला स्वतंत्र शेवट नसतो, पान संपतं म्हणून खंड संपतो. माझ्या ओळखीतल्या एकीने मुखपृष्ठ आवडलं म्हणून चौथा खंड घेतला आणि "भाषांतर कळत नाही" म्हणून वैतागली. भाषांतर ठीक होतं, आधीचे तीन खंडच तिने वाचले नव्हते. याच नावांच्या चित्रकथाही निघतात, तेव्हा हातात कादंबरी आहे की कॉमिक हेही बघून घ्या.

सगळे खंड एकदम मागवणाऱ्यांना माझा विरोध आहे. एक घ्या, पुरतं वाचा, मग पुढचा. कपाटात रांग लावायची घाई कशाला?

सूचना न वाचणं

सी. एस. पॅकट यांची 'कॅप्टिव्ह प्रिन्स' त्रयी आधी इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने आली, २०१५मध्ये मोठ्या प्रकाशनाने उचलली आणि २०१६च्या तिसऱ्या पुस्तकाने पूर्ण झाली. 'शत्रू ते प्रियकर' एवढ्या तीन शब्दांवर लोक ती विकत घेतात. पहिल्या पुस्तकात गुलामगिरी आहे, लैंगिक अत्याचार आहेत, आणि प्रेम जवळपास नाहीच. ज्याला हे झेपतं त्याने जरूर वाचावी, राजकारणाची वीण विलक्षण आहे. पण आधी माहीत असायला हवं. आत असं त्रासदायक काय आहे याच्या सूचना बरेच लेखक पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा स्वतःच्या वेबसाइटवर देतात. दोन मिनिटांचं काम आहे. 'शत्रू ते प्रियकर', 'एकच पलंग' असले शब्द कथानकाचा साचा सांगतात, पुस्तकाचा स्वभाव सांगत नाहीत.

बाकी चुका, थोडक्यात

मुखपृष्ठावरून वय ठरवू नका. कार्टूनसारखी चित्रं पाहून लोक किशोरांना भेट देतात आणि आत प्रौढांसाठीचे सविस्तर प्रसंग निघतात.

फँटसी म्हणजे जादू असलीच पाहिजे असं नाही. एलेन कुशनर यांच्या १९८७च्या 'स्वोर्डस्पॉइंट'मध्ये काल्पनिक शहर आहे, तलवारबाज आहे, त्याचा प्रियकर आहे. जादू अजिबात नाही.

ताऱ्यांची सरासरी बघू नका. मी तीन तारेवाले रिव्ह्यू आधी वाचतो. त्यांना पुस्तक आवडलेलंही असतं आणि काय खटकलं तेही सांगता येतं.

जुनं पुस्तक मिळत नाही म्हणून चोरीची पीडीएफ शोधत बसू नका. या प्रकारातली छोटी प्रकाशनं बंद पडत असतात. २०१७मध्ये सॅमहेन बंद झाली. के. जे. चार्ल्स यांची 'द मॅगपाय लॉर्ड' तिथलीच, पुढे ती नव्या आवृत्तीत पुन्हा आली. हक्क लेखकाकडे परतले की पुस्तक वेगळ्या मुखपृष्ठासह, कधी वेगळ्या नावानेही निघतं. लेखकाच्या वेबसाइटवर बघा. आधीच घेतलेलं पुस्तक नव्या रूपात दुसऱ्यांदा घेणंही त्यामुळे टळतं.

आणि सॅम्पल वाचा. पहिलं प्रकरण पूर्ण, चाळून नाही. मी त्यात संवाद बघतो: कोण बोलतंय ही खूण झाकली तरी दोघांचे आवाज वेगळे ओळखू येतात का. फँटसी असेल तर पहिल्या दोन पानांत किती नवी नावं अंगावर येतात आणि त्यातलं एखादं तरी लक्षात राहतं का, हे बघतो. दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर तारे कितीही असोत, मी ते पुस्तक घेत नाही.