‘नेटवर काहीच नाही’ म्हणण्याआधी : भाषा-संस्कृतीचा ऑनलाइन अभ्यास करताना या चुका टाळा

आजोबांच्या वहीतला शब्द असो, पणजोबांच्या पत्रातली तारीख असो की प्रबंधासाठी हवा असलेला जुना ग्रंथ असो, बडोद्याच्या मराठी घरांत हल्ली एकच उत्तर ऐकू येतं : ‘शोधलं, नेटवर काहीच नाही.’ आपल्याकडच्या मुलांची पंचाईत जरा जास्त. शाळेत गुजराती, घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी. शोधताना तिन्हींची खिचडी होते. साहित्य मात्र भरपूर आहे, आणि बरंचसं फुकट. ते ज्या रूपात साठवलेलं आहे त्या रूपात मागितलं तरच हाती लागतं, एवढी एक अट आहे.

जुन्या कोशाला आजच्या शुद्धलेखनात विचारणं

शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. मोल्सवर्थमध्ये ‘पाच’ टाका, ‘गाव’ टाका, ‘काटा’ टाका. हवा तो शब्द येत नाही, कारण तिथे तो ‘पांच’, ‘गांव’, ‘कांटा’ असा बसलाय. उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. कोश त्याच्या शंभर वर्षं आधीचा. ‘करणे’ तिथे ‘करणें’ आहे, ‘नाही’ तिथे ‘नाहीं’. ‘कवी’, ‘गुरू’, ‘बुद्धी’ हे तत्सम शब्द तिथे ‘कवि’, ‘गुरु’, ‘बुद्धि’ असे ऱ्हस्व आहेत.

उपाय सोपा आहे. नेमका तोच शब्द शोधण्याचा पर्याय सोडा आणि ‘या अक्षरांनी सुरू होणारे’ हा पर्याय घ्या. शब्दाचा शेवटचा स्वर गाळून फक्त पहिली अक्षरं टाका. तरीही जमलं नाही तर पहिल्या अक्षरावर अनुस्वार देऊन बघा. आणि सगळं हरलं की अर्थाच्या बाजूने या : मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत, तेव्हा पूर्ण मजकुरात इंग्रजी शब्द शोधला की मराठी नोंदींची रांग समोर येते. विसरलेला शब्द शोधायला ही उलटी वाट फार कामाची आहे, आणि ती छापील कोशात नव्हतीच.

दुसरी गोष्ट कोश निवडण्याची. ज्ञानेश्वरीतला किंवा लीळाचरित्रातला शब्द मोल्सवर्थमध्ये धुंडाळत बसू नका, त्यासाठी तुळपुळे-फेल्डहाउस. पेशवाईतल्या पत्रात ‘बरहुकूम’, ‘रुजू’, ‘तालुका’ असं काही आलं आणि मुळाशी जायचं असेल तर त्याच संकेतस्थळावर स्टाइनगासचा फारसी कोश (१८९२) आणि प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) आहेत. संस्थानी कचेरीचे शब्द हवे असतील तर आपल्या गावचाच ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ (१९३१) बघा. राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा भाषांतले प्रतिशब्द तिथे शेजारी-शेजारी दिलेत. बडोद्यात राहून तो उघडलेला नाही असे मराठीचे विद्यार्थी आहेत, याचं मला नवल वाटतं. मोल्सवर्थ वाचताना एक भान ठेवा : जातींविषयीच्या त्याच्या व्याख्यांत त्या काळचे पूर्वग्रह जसेच्या तसे आहेत. शब्द घ्या, शेरा घेऊ नका.

संस्कृतची अडचण वेगळी. कलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशांत (मोनियर-विल्यम्स १८९९, आपटे १८९०) ‘राजा’ टाकून भागत नाही, ‘राजन्’ टाकावं लागतं. ‘विद्वान्’ हा ‘विद्वस्’ खाली, ‘गच्छति’ हा ‘गम्’ खाली. त्यातच लिहिण्याची पद्धत निवडायची असते. तिथे रोमन पद्धत निवडलेली आणि आपण देवनागरीत लिहिलेलं, असं झालं की पाटी कोरी. आधी ती खिडकी बघा, मग व्याकरणाला दोष द्या.

दिसतं एक, आत असतं दुसरं

ही चूक भल्याभल्यांकडून होते, कारण डोळ्याला ती दिसतच नाही. ‘दुःख’ लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा अपूर्णविरामाचा कोलन देतात. पडद्यावर फरक जवळजवळ शून्य, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲप’मधला ॲ दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध ॲ, जो युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं संगणकात नोंदवण्याच्या प्रमाण पद्धतीत) २००८ साली आला, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र तर तऱ्हेवाईक आहे. कोणी तो ऱ, हलंत आणि य असा लिहितो; कोणी साधा र, हलंत, मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि य असा. दोन्ही छापले की हुबेहूब. शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. काही कीबोर्डांवर तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगर शोधणारा माणूस समुद्रावर पोचतो.

यावर माझा ठरलेला इलाज : त्या संग्रहातलं कुठलंही एक पान उघडायचं, तिथला तसाच जोडाक्षराचा शब्द कॉपी करायचा आणि तोच शोधपेटीत चिकटवायचा. सापडला, म्हणजे गोम तुमच्या कीबोर्डात आहे.

जुन्या पीडीएफचा प्रकार याहून उघड असतो. वाचायला स्वच्छ मराठी, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशापैकी एखाद्यात टाइप केलेली असते. पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टचं नाव बघा आणि त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरा. भलता वापरलात तर मजकूर अर्धा बरोबर येतो, आणि अर्धा बरोबर मजकूर पूर्ण चुकलेल्यापेक्षा जास्त घात करतो. बदलून झाल्यावर ळ, ष, रफार आणि जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घाला.

स्कॅन केलेला ग्रंथ नावाने शोधणं

इंटरनेट आर्काइव्हवर मराठी, गुजराती, संस्कृतचे जुने ग्रंथ ढिगाने आहेत. त्यांची नावं नोंदवणाऱ्यांनी रोमनमध्ये, जशी सुचतील तशी लिहिली आहेत. ‘गायकवाड’ हे नाव कधी शेवटी ‘डी’ घेऊन येतं, तर इंग्रजांच्या कागदांत बहुतेकदा ‘आर’ घेऊन. शहर १९७४ पर्यंत अधिकृतपणे ‘बरोडा’ होतं, तेव्हा ‘वडोदरा’ टाकून जुनं काही सापडायचं नाही. देवनागरीत एकदा, रोमनच्या दोन-तीन वळणांनी एकदा, मग फक्त लेखकाच्या आडनावाने एकदा असा फेरा घालाच. आतल्या मजकुराच्या शोधावर विसंबू नका : जुन्या मुंबई वळणाच्या छपाईच्या खिळ्यांतले भ-म, घ-ध, थ-य यंत्राला एकमेकांसारखे दिसतात. हवं ते पान चित्र म्हणून उतरवून घ्या, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि डॉक्समध्ये उघडा. मजकूर बऱ्यापैकी निघतो, पण मूळ पानाशी ताडून घ्यायला चुकू नका.

ग्रंथ सापडला तरी आवृत्ती बघणं उरतंच. याचं उत्तम उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. १९२७ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. गोटिंगेनच्या ग्रेटिल या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात रामायणाचा जो पाठ आहे तो याच आवृत्तीवरचा. आता घरच्या पोथीतला सर्ग-श्लोकाचा आकडा घेऊन तिथे गेलात तर भलताच श्लोक येतो. आणि ‘आदित्यहृदय’ शोधलंत तर युद्धकांडाच्या मुख्य पाठात ते नाहीच, संपादकांनी ते परिशिष्टात घातलंय. फाइल अपुरी आहे अशी तक्रार करण्याआधी कोणता पाठ उघडलाय ते पाहा, आणि उद्धृत करताना आवृत्तीचं नाव दिल्याशिवाय नुसता आकडा देऊ नका.

गुजरातीचं काम मराठीच्या खिडकीत

गुजराती ळ आणि मराठी ळ संगणकाला सख्खे नाहीत, सगळी लिपीच वेगळ्या खान्यात आहे. गुजराती शब्द देवनागरीत टाकून गुजराती कोशात शोधू नका. अक्षरमुख नावाचं लिपी बदलणारं साधन आहे, त्यात एका लिपीतून दुसरीत नेता येतं. फक्त ते लिपी बदलतं, भाषा नाही. देवनागरीत आलेलं गुजराती वाक्य भाषांतराच्या यंत्राला मराठी म्हणून दिलं की ते हसू येईल असं काही तरी ठोकून देतं. मोठा कोश हवा तर गोंडलच्या भगवतसिंहजींचा नऊ खंडी ‘भगवद्गोमंडल’ ऑनलाइन आहे, तो वापरा.

मोडी आणि तारखा

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे मोडी टाइप करता येते. म्हणून हस्तलिखित मोडी फोन वाचून देईल असं नाही. आधी ओढलेली रेघ, शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. यंत्राने दिलेला मजकूर सुचवणी म्हणून घ्या, त्याहून जास्त नको. लिप्यंतर करताना मूळ ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारू’ नका, पुढे कोणाला ताडून बघायचं असतं.

खरा गोंधळ तारखांचा. कागदावर ‘सबा सबैन मया व अलफ’ असतं. सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७७. कोणी हा आकडा हिजरी-इसवी परिवर्तकात टाकतो आणि १७६३-६४ घेऊन येतो. हा सुहूर सन आहे. तो हिजरीसारखा चांद्र वर्षांनी चालत नाही, मृगाला बदलतो, आणि त्यात ५९९ मिळवायचे असतात (जानेवारीपासून मृगापर्यंत ६००). येतं १७७६-७७. तेरा वर्षांची चूक लहान वाटेल, पण १७६३ला गादीवर थोरले माधवराव आहेत आणि १७७६ला सवाई माधवराव तान्हं मूल. पत्रातला ‘श्रीमंत’ कोण, तेच बदलतं.

संवताची गंमत बडोदेकरांना ठाऊक असायला हवी, तरी चुकते. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात. संवत १९५०चा वैशाख आपल्याकडे १८९४ सालचा, उत्तरेकडच्या हिशेबाने १८९३चा. ऑनलाइन परिवर्तक बहुधा कोणता संवत धरलाय ते सांगत नाहीत. शिवाय आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. म्हणून ग्वाल्हेर-इंदूरच्या नातेवाइकांच्या जुन्या पत्रातला वद्य पक्ष आपल्या पंचांगात एक महिना मागे सापडतो. पत्रात वार दिला असेल तर तोच खरा पंच : निघालेल्या तारखेचा वार जुळतो का ते पाहा, जुळला नाही तर दुसऱ्या पद्धतीने मोजा.

थोडक्यात निपटण्यासारख्या

ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषिक सर्वेक्षणाला (मराठी खंड १९०५, गुजराती १९०८) आजची बोली समजू नका. त्यातले नमुने आणि ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिका अनमोल आहेत, पण बऱ्याच ठिकाणी बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा अनुवाद आहे. माणसं घरी असं बोलत नव्हती. राठवी-भिलीसारख्या बोलींसाठी बडोद्याच्याच ‘भाषा’ संस्थेने चालवलेलं भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण सोबत ठेवा.

चॅटबॉटला अर्थ विचारा हवं तर, संदर्भ विचारू नका. पृष्ठक्रमांकासकट नसलेलं पुस्तक तो बिनदिक्कत हाती देतो.

अपलोड झालेलं सगळं मुक्त नसतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात; वाचणं वेगळं, पुन्हा छापणं वेगळं.

आणि सूची म्हणजे ग्रंथ नव्हे. हस्तलिखितांच्या सूचीत नाव दिसलं की लोक दुवा शोधत बसतात आणि मिळाला नाही की सोडून देतात. अशा वेळी त्या ग्रंथालयाला पत्र लिहावं. त्यात सूचीतला क्रमांक, हवी असलेली पानं (पोथीच्या पानाची पुढची बाजू की मागची हेही), लिपी आणि काम कशासाठी आहे ते एका ओळीत द्यावं. ‘रामायणाबद्दल काही असेल तर पाठवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही.