आजोबांच्या इस्रायली लष्करातल्या आठवणी रेकॉर्ड कशा करायच्या

आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांतले किती तरी आजोबा कोकण-मुंबईतनं उठून इस्रायलला गेले, दिमोना, लोद, अशदोदला राहिले, आणि तिथे लष्करी सेवा सक्तीची, तरण्या पोराला कोणी विचारत नाही की बाबा येतोस का. आजोबा हे सगळं मराठीत सांगणार आणि बऱ्याच नातवंडांना मराठी कळत नाही, त्यामुळे ज्याला मराठी येतं त्यानेच हे काम हातात घ्यायला हवं, आणि लवकर, कारण १९७३ च्या इजिप्त-सीरियाबरोबरच्या युद्धात विशीत असलेला माणूस आता सत्तरी ओलांडून गेलाय.

पहिल्याच बैठकीत लढाईचं काढू नका. भरतीच्या दिवसापासून सुरू करा, बूट मापाचे मिळाले का, हिब्रूत ओरडून दिलेली ऑर्डर कळायची का, सोबत कोणी मराठी बोलणारं होतं का. असल्या बारीकसारीक प्रश्नांवर माणूस खुलतो. "युद्ध कसं होतं?" विचारलं की "होतं तसंच" म्हणून विषय संपतो.

मग ६ ऑक्टोबर १९७३ वर या, त्या युद्धाचा पहिला दिवस. योम किप्पूर या ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवसाचा उपास, रस्ते रिकामे, रेडिओ बंद, आणि दुपारी दोनच्या सुमाराला भोंगे. मग रेडिओ सुरू झाला आणि राखीव सैनिकांना बोलवायला त्यावरून सांकेतिक शब्द सांगायला लागले, युनिटागणिक वेगळा. तो विचाराच: "आजोबा, तुमचा शब्द कोणता होता? घरी होतात का सिनेगॉगमध्ये? उपास कुठे सोडलात?"

आजीलाही बसवा. लग्न झालेल्या बायकांना सक्ती नव्हती, पण खिडक्या झाकलेल्या, गाड्यांचे हेडलाइट निळे रंगवलेले, आणि नवऱ्याचा पत्ता नाही, ते दिवस तिनेच काढलेत.

जुने फोटो समोर ठेवा. ब्लॅक अँड व्हाइट असले तर टोपीचा रंग विचारा, लाल म्हणजे पॅराट्रूपर, काळी म्हणजे रणगाडेवाले.

फोन एरोप्लेन मोडवर, पंखा बंद, पाऊण तासाच्या वर ताणू नका. तारीख चुकली तरी मधे तोडू नका, नंतर बघता येतं. किती माणसं मारली हे कधीच विचारू नका. गप्प झाले तर तुम्हीही गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू राहू दे. फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना विचारा, एखादा भाग नको म्हणाले तर नकोच.

लिहून काढताना त्यांची मराठी आहे तशीच ठेवा, मधेच आलेले मिलुइमसारखे (राखीव सेवा) हिब्रू शब्दही, शुद्ध करायला जाऊ नका.