आधी ओव्हनमधल्या कढया काढा

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आभार मानायच्या सणाच्या, तयारीतलं पहिलं काम कुठल्याच अमेरिकन यादीत सापडणार नाही, कारण ते इथल्या आपल्या मराठी घरांनाच लागू आहे. ओव्हन उघडा आणि त्यात कोंबलेल्या कढया, तवे, इडलीपात्र, केकचे गंजलेले साचे, जे काही वर्षभर तिथे सुखाने नांदतंय ते बाहेर काढा. मग रिकामा ओव्हन ४०० अंशांवर अर्धा तास तापवून बघा (अंश सगळीकडे फॅरनहाइटच). आमच्याकडे पहिल्या वर्षी तळाशी सांडलेलं जुनं तेल ऐन गुरुवारी जळलं, धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि पाहुण्यांचं स्वागत मी स्टुलावर उभी राहून टॉवेलने वारा घालत केलं. तेव्हापासून हे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरकते. आपला एरवीचा स्वयंपाक चार शेगड्यांवर एकाच वेळी चालतो. या जेवणात मात्र पाच-सहा पदार्थ एकाच ओव्हनच्या दारात रांग लावून उभे असतात. पुढची सगळी आखणी ही रांग लावण्यासाठीच आहे.

आता तारीख. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये जाहीर केल्यापासून हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी होत असे. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ते मानलं, काहींनी नाही. शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला, म्हणजे २२ ते २८ मधली कुठली तरी तारीख. ही तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर गोल करून झाली की कालनिर्णयही उघडा. कधी कधी हाच गुरुवार मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघतो. २०२२ मध्ये निघाला, २०२५ मध्येही. आमच्या सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार धरतात. त्यामुळे २०२२ साली घरात एकीकडे महालक्ष्मीचा घट आणि दुसरीकडे बारा पौंडांची टर्की, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात तो मोठा पक्षी, असा प्रसंग आला. वाटलं तेवढं अवघड गेलं नाही. नोव्हेंबरअखेरीस इथे न्यू जर्सीत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पूजा, पोथी, नैवेद्य आणि उपास सोडणं हे सगळं अमेरिकन लोकांच्या जेवणाच्या वेळेशी आपोआप जुळतं. जेवणाची वेळ पाच ठरवली आणि दोन्ही सण एकाच पंगतीत बसले.

मग माणसं मोजा, आणि दोन आकडे लिहा: एकूण किती आणि त्यात शाकाहारी किती. आमच्याकडे बहुधा बारा असतात, त्यात पाच शाकाहारी. टर्की विकत घेताना माणशी एक ते दीड पौंड धरतात, पण फक्त खाणाऱ्यांची. सात जणांना दहा-बारा पौंडांचा पक्षी पुष्कळ झाला. पहिल्या वर्षी मी बारा जणांचा हिशोब करून वीस पौंडांची आणली होती. तिचे सँडविच आम्ही डिसेंबरपर्यंत खात होतो, हे आठवूनही तोंडाची चव जाते.

शाकाहारींसाठी वेगळी यादी करायची नाही, आहे त्याच यादीतली लेबलं वाचायची. रताळ्यावर पसरतात त्या मार्शमेलो या मऊ मिठाईत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणजे तो पदार्थ दिसायला शाकाहारी आणि असायला नाही. स्टफिंगच्या (पावाच्या तुकड्यांचं सारण) तयार पाकिटात बऱ्याचदा चिकनचा अर्क असतो, आणि पायच्या (pie, पारीत सारण भरून भाजतात तो गोड पदार्थ) काही तयार पारींत डुकराची चरबी. स्टफिंग पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या ट्रेमध्ये, भाज्यांच्या पाण्यात भिजवून भाजलं की सगळ्यांना चालतं. शिवाय पक्षी लवकर शिजतो. ग्रीन बीन कॅसरोल मश्रूमच्या सूपवर होतो, तेव्हा तिथे अडचण कमी. हा पदार्थ आमच्या न्यू जर्सीचाच बरं का! कॅम्डेनमधल्या कॅम्पबेल सूपच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो १९५५ मध्ये बसवला. फरसबी, सुपाचा डबा, वर तळलेला कांदा. फरसबीची आपली भाजी याहून कितीतरी चांगली लागते असं माझं मत आहे, पण तो नसेल तर इथे वाढलेली मुलं रुसतात.

सजावटीचं काम खरं तर ऑक्टोबरातच सुरू होतं. मेपलची लाल-केशरी पानं जमिनीवर असतात ती तेव्हा. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात वेचायला जाल तर तपकिरी चुरा हाती येईल. पानं कोरडी करून जाड पुस्तकात दाबून ठेवा. छोटे भोपळे हॅलोवीन संपल्या संपल्या घ्या, स्वस्त झालेले असतात. न कोरलेला भोपळा थंड, कोरड्या जागी महिनाभर सहज टिकतो. कोरलेला आठवड्यात बसतो. रंगीबेरंगी, गाठीगाठींचे शोभेचे भोपळे फक्त शोभेचेच समजा. ते कडू असतात, भाजी करायचा मोह नको. रंगीत टणक कणसंही मिळतात, ती दोऱ्याने बांधून दाराला लावायची. पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या कागदी काळ्या टोप्या आणि मूळ रहिवाशांचे म्हणून केलेले पिसांचे मुकुट मात्र मी टेबलावर ठेवत नाही. या सणाची गोष्ट जिथून सांगतात त्या १६२१ च्या जेवणात, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, तिथले मूळ रहिवासी असलेल्या ज्या वाम्पनोआग लोकांनी इंग्रजांबरोबर जेवण केलं, पाच हरणं आणून दिली, त्यांच्या वंशजांसाठी हा दिवस साधा नाही. १९७० पासून त्याच प्लिमथमध्ये दर थँक्सगिव्हिंगला शोकदिन पाळला जातो. मुलांनी शाळेतून मुकुट करून आणला तर त्यांना हे सांगायला वेळ काढा.

टर्कीचं वेळापत्रक सोमवारी सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये उतरायला दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. बारा पौंडांना तीन दिवस. म्हणून तो सोमवारी सकाळी, उशिरात उशिरा, फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात यायला हवा, खाली काठाची परात ठेवून, म्हणजे गळणारं पाणी दह्या-दुधावर पडत नाही. बुधवारी रात्री बोटाने दाबून आत दगड लागला तर घाबरू नका. पिशवीसकट थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदला. पौंडाला अर्धा तास, म्हणजे पूर्ण गोठलेल्या बारा पौंडांना सहा तास. गरम पाणी नको आणि रात्रभर ओट्यावर उघडाही नको. वरची कातडी उबदार होते आणि आत बर्फच राहतो, जंतूंना त्याहून चांगलं घर नाही. सुटला की पोटात आणि मानेच्या खोबणीत हात घालून बघा. तिथे मान, काळीज वगैरेची पुडी असते, आणि ती तशीच भाजली गेलेली घरं मला माहीत आहेत (आमचं धरून). आणखी एक: धुऊ नका. आपल्याला मांस दोन-तीन पाण्यांतून काढून हळद लावल्याशिवाय चैन पडत नाही, पण एवढं धूड सिंकमध्ये धुतलं की शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतूही. कागदाने टिपा, बस्स. मंगळवारी रात्री तो पुरेसा सुटला असेल तर दर चार-पाच पौंडांना एक मोठा चमचा जाड मीठ चोळून उघडाच फ्रिजमध्ये ठेवा, कातडी कुरकुरीत होते. मात्र वेष्टनावर मिठाच्या पाण्याचा उल्लेख असेल तर मीठ आधीच आहे. मी टर्कीला तंदुरी मसाला लावून पाहिला आहे. मसाला छान होता, पण ग्रेव्ही आणि क्रॅनबेरीशी त्याचं रात्रभर भांडण चाललं. आता लोणी, मिरी, लसूण आणि थोडी वासाची पानं, एवढंच.

आपली हौस क्रॅनबेरीवर भागवा. ताजं फळ चाखाल तर करवंदाची आठवण होईल, तसंच आंबट, वर थोडं तुरट. मंगळवारी दोन भांडी मांडा. एकात बारा औंसांची पिशवी, कपभर साखर, कपभर पाणी. दहा मिनिटांत फळं फटाफट फुटतात आणि गार झाल्यावर आपोआप जेलीसारखं घट्ट होतं, त्यामुळे पातळ वाटलं तरी आटवत बसू नका. दुसऱ्यात लोणचं: तेलात मोहरी, मेथी, हिंग, मग अर्धी चिरलेली क्रॅनबेरी, तिखट, मीठ, गूळ. दोन दिवसांत मुरतं. आमच्या शेजारच्या आजीबाई दरवर्षी या लोणच्याची बाटली मागून नेतात.

बुधवार पायचा आणि घारग्यांचा. भोपळ्याचा डबा घेताना नीट वाचा. नुसत्या भोपळ्याचा आणि साखर-मसाला घातलेल्या सारणाचा डबा दिसायला जुळे भाऊ असतात. पाय भाजून गार झाला की फ्रिजमध्ये, त्यात अंडी आहेत. घारग्यांना डब्यातला भोपळा पाणचट पडतो. बटरनट स्क्वॉश किसून गुळात शिजवा, वेलदोडा घाला, मावेल तेवढी कणीक. पीठ बुधवारी मळून ठेवायचं आणि गुरुवारी सकाळी, टर्की ओट्यावर यायच्या आधी, घारगे तळून नैवेद्याचे वेगळे काढायचे. सासूबाईंच्या शाकभाजीतही कांदा-लसूण नाही. ती त्याच वेळी होऊन जाते. घटाजवळ पाच फळं लागतात. सफरचंद, पेअर, डाळिंब, संत्रं आणि एक छोटा भोपळा. भोपळा फळात धरायचा का यावर दोन मिनिटं चर्चा झाली, मग तो देवीसमोर गेला.

टेबल बुधवारी रात्रीच मांडा, गुरुवारी जमत नाही. घडीची दोन टेबलं जोडत असाल तर सांध्यावर पाण्याचा पेला ठेवून बघा, उंचीत फरक असतो. खुर्च्या खरोखर मोजा, मनात नाही. वर पांढरी चादर चालते, मधोमध गोणपाटाची लांब पट्टी, तिच्यावर दाबलेली पानं, भोपळे, थोडी शेवंती. मधली सजावट किती उंच असावी याची माझी परीक्षा अशी: बसून कोपर टेबलावर टेका, हनुवटी मुठीवर ठेवा. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. मेणबत्त्या बिनवासाच्या, नाहीतर व्हॅनिलाच्या घमघमाटात ग्रेव्ही खावी लागते. आणि पट्टीवरच्या वाळक्या पानांपासून त्या लांब. मांडणी पाठ करायला सोपी आहे. आपल्या पानात मीठ-लिंबू-चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, याची जागा जशी कुणी बदलत नाही, तसंच इथे काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, तिची धार ताटाकडे, चमचा सुरीच्या बाहेर, पेला सुरीच्या टोकाच्या वर. छोट्या भोपळ्याच्या देठाला चिठ्ठी बांधून प्रत्येकाचं नाव लिहा. मग वाढायची सगळी भांडी रिकामी काढून प्रत्येकात पदार्थाच्या नावाचा कागद टाका आणि सोबत डाव. भांडी पुरेशी असतात, डाव नेहमी कमी पडतात. टर्की आणि मांसाची ग्रेव्ही मी ओट्यावर ठेवते, बाकी सगळं टेबलावर. त्यामुळे शाकाहारींना कुठल्या डावाने काय वाढलं याची पाळत ठेवावी लागत नाही.

गुरुवारचं घड्याळ पाचपासून उलटं मोजा. साडेबाराला टर्की ३२५ अंशांवर आत. बारा पौंडांना साधारण तीन तास, पण खरं उत्तर थर्मामीटर देतो: मांडीच्या आतल्या बाजूला आणि छातीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ अंश. साडेतीनला बाहेर. तिला निदान अर्धा तास हात लावू नका, रस मुरू द्या. त्याच क्षणी ओव्हन ३७५ वर आणि रांगेतले पुढचे तिघे आत: स्टफिंग, कॅसरोल, रताळी. शेगडीवर बटाटे उकडा, गरम दूध-लोणी घालून हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवलेत तर पतंगाची खळ होते. ट्रेमधल्या चरबीत मैदा परतून रस ओता. बिनगुठळ्यांचं पिठलं करता येणाऱ्याला ग्रेव्ही शिकवावी लागत नाही. शाकाहारी ग्रेव्ही वाळवलेल्या मश्रूमच्या पाण्यात, वेगळ्या भांड्यात. साडेचारला घंटा वाजली, आरतीला सगळे उभे, आणि त्याच वेळी पाव ओव्हनमध्ये दहा मिनिटं. टीव्हीवरचा फुटबॉलचा सामना आरतीपुरता मुका करायला एका माणसाला आधीच सांगून ठेवा.

बाजारहाट बुधवारी दुपारपर्यंत संपलेली हवी. गुरुवारी बरीच दुकानं बंद असतात, आणि बुधवारी संध्याकाळी हमरस्त्यावर जाणं म्हणजे पार्किंगमध्ये उभं राहणंच.

शेवटचं काम डब्यांचं. दह्याचे, श्रीखंडाचे रिकामे डबे ऑक्टोबरपासून साठवा आणि त्यांची झाकणं आधीच जुळवून ठेवा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, म्हणून पाय वाढायच्या आधीच डबे भरून त्यावर नावं टाका, शाकाहारी वेगळे. तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा. टर्कीचा सांगाडा मोठ्या पातेल्यात, कांदा, गाजर, मिरी घालून मंद आचेवर दोन-तीन तास. पातेलं सापडत नसेल तर ओव्हनमधून काढलेली भांडी तुम्ही कुठे ठेवलीत ते आठवा. आमच्याकडे ती गॅरेजमध्ये असतात.