कॉन्टॅक्ट लेन्स निवडताना, घालताना आणि जपताना या चुका टाळा

लेन्सची डबी नळाखाली खळखळून धुणारे आणि बेसिनमध्ये पडलेली लेन्स पाण्याने विसळून पुन्हा डोळ्यात घालणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यांतले बहुतेक जण स्वच्छतेच्या बाबतीत अतिशय दक्ष असतात. भांडी पाण्याने धुतली जातात, भाजी पाण्याने धुतली जाते, डोळ्यात कण गेला तर पाण्याचाच हबका मारला जातो. तेव्हा लेन्सही पाण्यानेच स्वच्छ होत असणार, असे त्यांना वाटते. अनेक वर्षे लेन्स बसवून देण्याचे काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, लेन्समुळे होणाऱ्या गंभीर इजांच्या मुळाशी आळस थोडा आणि अशा सद्‌हेतूने केलेल्या चुका अधिक असतात. म्हणूनच केवळ 'काय करू नये' एवढे न सांगता त्यामागचे कारणही सांगणे मला आवश्यक वाटते.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू दिवसा मुख्यतः अश्रूंच्या पातळ थरातून, थेट हवेतूनच मिळतो, आणि लेन्स नेमकी त्याच वाटेवर बसते. १९६१ साली प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यापासून बनवलेल्या यंत्रावर मऊ लेन्स तयार करून दाखवल्या. त्या पदार्थात पाणी मुरत असे आणि त्या पाण्यातूनच थोडा प्राणवायू डोळ्यापर्यंत पोहोचत असे. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून तो कितीतरी अधिक पोहोचू लागला. तरीही लेन्स म्हणजे डोळ्यावरचे झाकणच आहे, आणि त्या झाकणाखाली जे अडकते ते पापणीच्या उघडझापीने सहज धुऊन जात नाही, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतात.

चष्म्याचा नंबर म्हणजेच लेन्सचा नंबर, हा समज

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते आणि लेन्स डोळ्याला टेकलेली असते, त्यामुळे नंबर ४ च्या पुढे गेला की दोन्हींत फरक पडू लागतो. चष्म्याचा नंबर −६.०० असेल तर लेन्स सुमारे −५.५० ची लागते, +६.०० असेल तर उलट वाढून सुमारे +६.५० ची लागते. चष्म्याची चिठ्ठी पाहून घरबसल्या मागवलेली −६.०० ची लेन्स घालणाऱ्याला दूरचे स्पष्ट दिसते, पण जवळचे वाचताना डोळ्यांवर ताण येतो, आणि कपाळ का दुखते याचा शोध तो भलतीकडेच घेत राहतो. सिलिंडर नंबर, म्हणजे कॉर्नियाचा बाक सर्व दिशांना सारखा नसल्यामुळे लागणारा नंबर, ०.७५ किंवा त्याहून अधिक असेल तर टोरिक, म्हणजे हा दोष सुधारणाऱ्या, लेन्सचा विचार करावा लागतो. ही लेन्स डोळ्यात ठरावीक कोनातच स्थिर राहायला हवी, म्हणून ती डोळ्यावर घालून, तपासून मगच निवडावी.

नंबराइतकाच महत्त्वाचा असतो लेन्सचा बाक आणि तिचा व्यास. मऊ लेन्सच्या खोक्यावर ८.४ किंवा ८.६ असा बाकाचा आणि १४.० किंवा १४.२ असा व्यासाचा आकडा छापलेला असतो. एका कंपनीची लेन्स संपली म्हणून त्याच नंबरची दुसऱ्या कंपनीची घेतली, तर नंबर जुळूनही माप चुकू शकते. यातली मोठी फसगत अशी की घट्ट लेन्स सुरुवातीला सैल लेन्सपेक्षा अधिक सुखद वाटते, कारण ती हलत नाही आणि पापणीला जाणवत नाही. परंतु संध्याकाळी ती काढल्यावर बुबुळाभोवती लालसर कडे दिसते, डोळा जड होतो, आणि दिवसभर तिच्याखालचे अश्रू पुरेसे बदललेलेच नसतात. यासाठी ट्रायल लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि उघडझापीबरोबर ती किंचित सरकते की नाही, हे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहून घ्यावे. 'डोळ्याला काही टोचत नाही' एवढ्यावरून लेन्स बसली असे ठरवू नये.

लग्नसमारंभासाठी घेतलेल्या, नंबर नसलेल्या रंगीत लेन्सलाही हेच सर्व लागू आहे. त्या बहिणीबहिणींनी किंवा मैत्रिणींनी आळीपाळीने घालणे तर पूर्णपणे टाळावे.

पाणी

या विषयावर मला सर्वांत जास्त तळमळीने सांगावेसे वाटते. नळाच्या पाण्यात, गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत, नदीत आणि पोहण्याच्या तलावात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव आढळतो. तो पिण्यात गेला तरी सहसा काही बिघडत नाही, म्हणून पिण्यायोग्य पाणी हे लेन्ससाठीही योग्य असावे असा समज होतो. मात्र हा जीव लेन्सला चिकटून कॉर्नियावर पोहोचला आणि तिथल्या बारीकशा ओरखड्यातून आत शिरला, तर जो संसर्ग होतो तो अत्यंत वेदनादायक असतो. प्रतिकूल परिस्थितीत हा जीव स्वतःभोवती कवच तयार करतो. तलावातल्या क्लोरिनलाही ते कवच दाद देत नाही, आणि याच कारणाने उपचार कित्येक महिने चालतात. काहींना शेवटी कॉर्नियाचे प्रत्यारोपण करावे लागते.

उकळून गार केलेले पाणी किंवा घरच्या यंत्राचे गाळलेले पाणी वापरले तर चालेल का, असे मला वारंवार विचारले जाते. चालणार नाही. ते पाणी निर्जंतुक राहत नाही, शिवाय त्यात अश्रूंइतके क्षार नसल्यामुळे मऊ लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो आणि ती बुबुळाला चिकटून बसते. घरी मीठ विरघळवून सलाइन तयार करण्याचा प्रयोगही करू नये. १९८० च्या दशकात अमेरिकेत अकँथअमीबाचे जे रुग्ण एकाएकी वाढले, त्यांतल्या अनेकांनी असेच घरगुती सलाइन वापरले होते.

व्यवहारात याचा अर्थ असा की आंघोळ लेन्स घालण्यापूर्वी उरकावी, आणि साबणाने धुतलेले हात कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसूनच लेन्सला लावावेत. पावसाळ्यात धबधब्याखाली उभे राहायचे असेल, गावच्या विहिरीत पोहायचे असेल किंवा कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरायचे असेल, तर लेन्स आधीच काढून ठेवावी. पाणी चुकून गेलेच तर हात कोरडे करून लवकरात लवकर लेन्स काढावी. रोज बदलायची असेल तर ती टाकून द्यावी, आणि महिनाभराची असेल तर चोळून, धुऊन, रात्रभर सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्ससाठीच्या जंतुनाशक द्रावणात, ठेवल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

सोल्युशन आणि डबी

डबीतल्या कालच्या सोल्युशनमध्ये आज थोडे नवे ओतणे, ही काटकसरीतून लागलेली सवय महागात पडते. वापरलेल्या सोल्युशनची जंतू मारण्याची शक्ती संपत आलेली असते आणि त्यात मिसळलेले नवे सोल्युशनही निष्प्रभ होते. रोज सकाळी लेन्स घातल्यावर डबी रिकामी करावी, सोल्युशननेच विसळावी, स्वच्छ टिश्यूने पुसावी आणि झाकणांसह उपडी ठेवून वाळवावी. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी. ती कितीही स्वच्छ दिसत असली तरी आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. सोल्युशनची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी, म्हणजे सूचनेनुसार दोन-तीन महिन्यांनी ती टाकून देण्याची आठवण राहते.

बाटलीवर 'चोळण्याची गरज नाही' असे लिहिलेले असले तरी लेन्स तळहातावर ठेवून बोटाच्या पेराने हलकेच, दोन्ही बाजूंनी सुमारे वीस-वीस सेकंद चोळावी, असे माझे ठाम सांगणे आहे. केवळ भिजत ठेवल्याने चिकटलेले थर सुटत नाहीत. साधे सलाइन हे लेन्स विसळण्यापुरतेच असते, त्यात जंतू मरत नाहीत. उलट हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोल्युशन उत्तम निर्जंतुक करते, परंतु ते त्याच्यासोबत येणाऱ्या खास डबीत ठरावीक तास, बहुधा सहा तास, राहिल्याशिवाय डोळ्याला सोसणारे होत नाही. चुकून ते थेट डोळ्यात गेले तर तीव्र आग होते.

महिनाभराची लेन्स उघडल्यापासून महिनाभर चालते. 'मी आठवड्यातून दोनदाच घालते, म्हणजे चार महिने पुरेल' हा हिशेब चुकीचा आहे.

झोप

अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दर १०,००० जणांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला, तर ती रात्रीही डोळ्यात ठेवणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २१ होते. नंतर अधिक प्राणवायू पोहोचवणाऱ्या लेन्स आल्या, तरी हा फरक मिटला नाही. पापणी मिटलेली असताना प्राणवायू आधीच घटलेला असतो, त्यात लेन्सची भर पडते. माझ्या पाहण्यात लोक मुद्दाम असे करत नाहीत. पुणे-नागपूर रात्रीच्या बसमध्ये डोळा लागतो, किंवा दुपारची वामकुक्षी तासाभराची होते. प्रवासात चष्मा, डबी आणि छोटी बाटली हातातल्या पिशवीत ठेवावी, वर टाकलेल्या सामानात नव्हे.

लेन्स तशीच ठेवून झोप लागली आणि उठल्यावर ती चिकटल्यासारखी वाटली, तर ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर कॉर्नियाची वरची त्वचा खरवडली जाते. लेन्सवर चालणारे ओलावा देणारे थेंब घालून काही मिनिटे उघडझाप करावी आणि ती सरकू लागल्यावरच काढावी.

घातल्यावर काही बिनसले तर

घातल्याबरोबर खुपू लागली तर लेन्स बहुधा उलटी झालेली असते. बोटावर धरून पाहिल्यास सुलट लेन्स वाटीसारखी दिसते, तर उलट्या लेन्सचे काठ बशीसारखे बाहेर पसरतात. धूसर दिसत असेल तर प्रथम डावी-उजवी बदलली नाही ना ते पाहावे. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात केल्यास हा घोळ होत नाही. पापणी मिटल्यानंतर क्षणभर स्पष्ट दिसून पुन्हा धूसर होत असेल तर लेन्स घट्ट असण्याची शक्यता असते, आणि मिटल्यानंतरच धूसर होत असेल तर सैल असण्याची. लेन्स बुबुळावरून सरकून दिसेनाशी झाली तरी घाबरू नये. पापणीच्या आतले आवरण डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेले असल्यामुळे ती डोळ्यामागे जाऊच शकत नाही.

काजळ पापणीच्या आतल्या कडेवर लावू नये, आणि मेकअप लेन्स घातल्यानंतर करावा. मिरच्या चिरून लेन्स काढायची वेळ आणू नये. साबणाने धुतल्यावरही बोटांवर तिखट राहते. रंगपंचमीला चष्माच बरा.

लाल डोळा

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदी परिसरापासून राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती, आणि अशा साथीत लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळाही 'डोळे आले' म्हणून सोडून दिला जातो. डोळे येतात तेव्हा चिकटपणा आणि चुरचुर असते. कॉर्नियाच्या संसर्गात बहुधा एकाच डोळ्यात ठणका लागतो, उजेड सहन होत नाही आणि नजर धूसर होते. स्यूडोमोनास नावाचे जीवाणू असतील तर एक-दोन दिवसांतच बुबुळाची मोठी हानी होऊ शकते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, बरे वाटते, आणि आत संसर्ग वाढत राहतो. नंतर डोळ्यात फूल पडले की नजर पूर्ववत होत नाही.

अशा वेळी दोन्ही लेन्स लगेच काढाव्यात, डोळ्यावर पट्टी बांधू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जाताना काढलेल्या लेन्स व डबी टाकून न देता सोबत न्याव्यात, कारण त्यांवरून जंतू ओळखता येऊ शकतो. डोळा बरा होईपर्यंत चष्माच वापरावा लागतो, म्हणून लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे चालू नंबरचा चष्मा असायलाच हवा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरुवात करताना लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली ही तिन्ही नवी घ्यावीत.