दिगंबर जैन लग्न: दिवस आखायचा तो सूर्यास्तापासून मागे

सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर जैन घरात लग्न ठरलं की हॉल बघण्याआधी पंचांग बघा: त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळतो? रात्रीभोजन वर्ज्य. काटेकोर घरांत शेवटची पंगत सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं आधी उठते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास जातो, म्हणजे सव्वापाचला पानं उचललेली हवीत. मुहूर्त दुपारी उशिराचा निघत असेल तर उपाध्यांना (जैन पुरोहितांना) आधीचा विचारा; फोटोवाले वेळ खाणार हे धरूनच चाला. पत्रिकेवरही ‘भोजन सूर्यास्तापूर्वी’ असं ठळक छापा.

मग आचारी. नुसतं ‘जैन जेवण’ सांगून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा नको हे त्याला ठाऊक असतं. गाजर, मुळा, बीट आणि ओलं आलं मात्र सवयीनं पडतं. मसाल्यात आल्याऐवजी सुंठ घालायला सांगा, भाजीला कच्ची केळी किंवा दोडका. पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायचं, आणि गाळलेलं पाणी 48 मिनिटांनी पुन्हा गाळायचं. हे काम घरच्याच एखाद्या खमक्या माणसाकडे द्या. वाढप्यांच्या भरवशावर सोडलं की दुसऱ्या पंगतीपासूनच विसरलं जातं.

सकाळी आधी मंदिरात अभिषेक-पूजा. मांडवात विनायक यंत्राची (मंत्र कोरलेल्या धातूच्या पत्र्याची) स्थापना होते. यंत्र मंदिरातून आणायचं असेल तर शुद्ध वस्त्रातला माणूस आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. कंकणबंधन, मंगलाष्टकं, कन्यादान, पाणिग्रहण हे सगळं उपाध्ये सांगतील त्या क्रमानं. मंगलाष्टकांत पंचपरमेष्ठी (अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू) आणि तीर्थंकरांचं स्मरण असतं, तेवढा वेळ बँडवाल्याला गप्प बसवा.

होमाला पूर्ण विधीत चौकोनी, त्रिकोणी आणि गोल अशी तीन कुंडं असतात: एक तीर्थंकरांचं, एक गणधरांचं (तीर्थंकरांच्या मुख्य शिष्यांचं), एक सामान्य केवलींचं (केवलज्ञान मिळालेल्या इतरांचं). जागा किंवा वेळ कमी असेल तर एकावरही भागवतात. लाकडं वाळलेली आणि कीड नसलेली हवीत, ती स्वतः उलटून-पालटून बघा.

गाठ बांधून सात फेरे. हे फेरे सात परमस्थानांचे, म्हणजे सात श्रेष्ठ पदांचे: सज्जाती (चांगल्या कुळात जन्म), सद्गृहस्थत्व, पारिव्राज्य (दीक्षा), सुरेंद्रता (इंद्रपद), साम्राज्य (चक्रवर्तीपद), आर्हंत्य (अरिहंतपद), निर्वाण (मोक्ष). संसाराच्या पहिल्याच दिवशी दीक्षा आणि मोक्षाची नावं घ्यायची, ही मला या विधीतली सर्वांत धीट गोष्ट वाटते. बऱ्याच ठिकाणी सहा फेऱ्यांत वधू पुढे चालते, मग दोघं एकमेकांना सात वचनं देतात आणि सातव्यात वर पुढे होतो. वचनं मराठीतून सावकाश वाचायला सांगा. दोघांना कळली तर उपयोग.

शेवटी जोडप्यानं मंदिरात दर्शन घ्यायचं आणि दोन्ही घरांनी यथाशक्ती दान द्यायचं. दानाची पाकिटं नावं घालून सकाळीच तयार ठेवा आणि दर्शन पाठवणीच्या आधी उरका. एकदा गाड्या निघाल्या की कुणी परत फिरत नाही.